किती देते आणि किती घेते

गाडी म्हटली की आपल्याकडे पहिला प्रश्न एकच: "किती देते?" मायलेज या शब्दाचाही आपण तोच एक अर्थ करून टाकलाय. बाकीच्या जगात ‘हाय मायलेज’ म्हणजे खूप पळालेली गाडी. आपल्याकडे ‘हाय मायलेज’ म्हणजे लिटरला बावीस देणारी. त्यामुळे माझी गाडी हाय मायलेज आहे असं सांगितलं की ऑफिसात लोक आधी हेव्याने बघतात, आणि ती साडेदहा देते हे कळलं की दयेने :)

तर मंडळी, आजचा विषय भरपूर पळालेली, पण अजूनही जोरात पळणारी गाडी. म्हणजे परफॉर्मन्स कार, पण सेकंडहँड, थकलेली, आपल्यासारख्या पगारदाराच्या आवाक्यातली. मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना वाचायचा कंटाळा आहे ते सुटतील: मीटरवरच्या आकड्याला घाबरू नका. घाबरायचंच असेल तर न केलेल्या कामांना घाबरा. आणि ती कामं करायची ऐपत किंवा तयारी नसेल तर ही गाडी अजिबात घेऊ नका, फुकट मिळाली तरी.

माझ्याकडे २००६ ची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस आहे. १७८१ सीसीचं पेट्रोल इंजिन, चार सिलिंडर, प्रत्येकाला पाच व्हॉल्व्ह (तीन हवा आत घ्यायला, दोन धूर बाहेर सोडायला), वर टर्बो, १५० अश्वशक्ती, पाच गिअर आणि डाव्या पायाखाली खराखुरा क्लच. आजच्या हिशेबात १५० म्हणजे काही फार नाही, मान्य. पण ज्या काळात आपल्या बहुतेकांच्या घरी सँट्रो किंवा वॅगन आर होती त्या काळात ही गाडी रस्त्यावर दिसली की मुलं सायकल थांबवून बघायची. मी त्यातलाच एक. २०२१ मध्ये घेतली तेव्हा ती १ लाख ४४ हजार किलोमीटर पळालेली होती. आज १ लाख ९७ हजार. बाबांचं मत तेव्हा होतं आणि आजही आहे, की हा हत्ती पोसण्याचा प्रकार आहे. बाबांशी मी पूर्ण असहमत नाही. फक्त हत्ती कसा पोसायचा याचं शास्त्र असतं, एवढंच माझं म्हणणं.

किलोमीटर हे माप चुकीचं आहे

आपल्या धंद्यात एके काळी प्रोग्रामरचं काम कोडच्या ओळींवर मोजायचे. आज कोणी तसं म्हटलं तर आपण हसतो. पण सेकंडहँड गाडी घेताना हेच इंजिनिअर लोक फक्त किलोमीटर बघतात!

साधा हिशेब करून बघा. एक गाडी रोज वाकड ते हिंजवडी फेज थ्री करते, सरासरी वेग ताशी १५ किलोमीटर. तिचे १०,००० किलोमीटर व्हायला इंजिन साधारण ६६७ तास चालतं. दुसरी गाडी दर आठवड्याला पुणे-कोल्हापूर करते, सरासरी वेग ताशी ८०. तिचे तेवढेच किलोमीटर १२५ तासांत होतात. मीटर दोघींचा सारखा. पण पहिलीचं इंजिन पाचपटीहून जास्त तास चाललंय, तेही गरम हवेत, पुढच्या बसच्या धुरात, क्लच अर्धवट दाबून. दुसरीने पाचवा गिअर टाकला तो खंबाटकी येईपर्यंत काढला नाही. आता सांगा, जास्त ‘चाललेली’ कुठली?

म्हणून ऑइल बदलताना नुसते किलोमीटर बघणं मला पटत नाही. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि त्याच्या बेअरिंगला आधार असतो तो ऑइलच्या पातळ थराचा. ते ऑइल करपलं की टर्बो गेला. मी दर ७,५०० किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच सिंथेटिक ऑइल घालतो. जास्त वाटतं, पण या गाडीवरचा हा सगळ्यात स्वस्त विमा आहे. आणि घाट चढून आलं की इंजिन लगेच बंद करायचं नाही, मिनिटभर चालू ठेवायचं. तेवढ्या वेळात बाकीचे चहाची ऑर्डर देतात.

याच न्यायाने मला सगळ्यात संशय येतो तो कमी पळालेल्या जुन्या गाडीचा. "एकच मालक, डॉक्टर, फक्त ५२ हजार." वीस वर्षांत ५२ हजार म्हणजे वर्षाला २,६०० किलोमीटर. म्हणजे गाडी बहुतेक वेळ उभी होती, किंवा मीटर मागे फिरवलाय. डिजिटल मीटरला हात लावता येत नाही हा गोड गैरसमज आहे. तोही शेवटी मेमरीतला एक आकडाच, आणि मेमरीतल्या आकड्यांचं काय करता येतं ते आपल्याला कोणी सांगायला नको. आकडा खरा असला तरी उभी गाडी सुकते. रबराचे पाइप कडक होतात, सील आकसतात, टायरला चिरा पडतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, उंदीर वायरी खातात. त्यापेक्षा दोन लाख पळालेली, पण प्रत्येक कामाची पावती फायलीत असलेली गाडी मी डोळे झाकून... नाही, डोळे उघडे ठेवूनच घेईन.

घेताना मी काय बघतो? सर्व्हिसच्या पावत्यांवरच्या तारखा आणि किलोमीटर क्रमाने वाढतायत का. स्टिअरिंगची कातडी, गिअरची मूठ आणि ब्रेक पेडलचं रबर मीटरशी जुळतंय का. गाडी थंड असताना सुरू करून पहिल्या क्षणाला निळा धूर येतो का. विकणारा "मी आधीच गरम करून ठेवलीय" म्हणाला, तर त्याला नमस्कार करून दुसऱ्या दिवशी सकाळी यायचं.

गाडीची किंमत उतरते, पार्टची नाही

हे वाक्य खरं तर सेकंडहँड गाड्यांच्या बाजारात पाटीवर रंगवून लावायला पाहिजे.

नवी असताना ही गाडी पंधरा लाखांच्या घरातली होती. मी ती २ लाख ६० हजारांना घेतली. मनातल्या मनात आपण तिला अडीच लाखांची गाडी समजायला लागतो. पण तिला तुमचं हे समजणं माहीत नसतं! तिचा क्लच, तिचे शॉकअप, तिचा टर्बो हे सगळं पंधरा लाखांच्या गाडीचंच राहतं. जुन्या मोठ्या वाड्यासारखं आहे हे. वाडा स्वस्तात मिळेल, पण कौलं शाकारायची तर सगळ्या छपराची शाकारावी लागतात.

त्यामुळे माझा नियम साधा आहे. तुमच्याकडे तीन लाख असतील तर दीड लाखाची गाडी शोधा. उरलेले दीड पहिल्या वर्षात तिच्यावर खर्च होणार आहेत असं आजच लिहून ठेवा. तीन लाख असताना तीन लाखांची घेतली, तर तुम्ही गाडी घेतली नाही, दुसऱ्याची थकबाकी विकत घेतली. टेक्निकल डेट म्हणतात ना, तेच. आधीच्या मालकाने पुढे ढकललेलं प्रत्येक काम तुमच्या नावावर व्याजासकट जमा होतं.

पहिल्या वर्षात मी काय केलं ते सांगतो, म्हणजे अंदाज येईल. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र. हा बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन उघडावं लागतं, म्हणून "अजून चांगला दिसतोय" या युक्तिवादाला इथे जागा नाही. बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असंच धरायचं. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो, त्याच्यापर्यंत पोचायला सगळं तेवढंच उघडावं लागतं, म्हणून तोही त्याच दिवशी. या इंजिनाच्या काही पंपांमध्ये आतला पंखा प्लास्टिकचा असायचा आणि वर्षांनी तो तडकतो हे या गाड्यांच्या मालकांना जगभर माहीत आहे. मी धातूच्या पंख्याचा बसवला. मग पुढचे लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, इंजिन माउंटिंग, चारी शॉकअप, चार टायर, ब्रेक डिस्क आणि पॅड, सगळे फ्लुइड. एकूण १ लाख ३५ हजार. यात एकही गोष्ट अशी नाही जी मित्राला दाखवून "बघ" म्हणता येईल. बाहेरून गाडी आधी होती तशीच.

आधी थांबा, मग पळा

आता थोडं कडू बोलतो.

माझ्या वयाची, माझ्याहून लहान पोरं अशा गाड्या घेतात. रास्त आहे, स्वस्त झाल्यात. आणि पहिल्या महिन्यात काय करतात? रीमॅप! चाळीस हजार देऊन इंजिनाच्या सॉफ्टवेअरमधून आणखी तीस-चाळीस अश्वशक्ती काढून घेतात. मग एक्झॉस्ट, कॉलनी उठेल असा. खाली टायर आधीच्या मालकाने बसवलेले, ब्रेक फ्लुइड कधी बदललं देव जाणे.

शाळेतलं भौतिकशास्त्र आठवा. थांबताना ब्रेकला जी ऊर्जा गिळावी लागते ती वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. साठऐवजी शंभरवरून थांबायचं तर पावणेतीनपट. ती सगळी उष्णता होऊन डिस्क, पॅड आणि फ्लुइडमध्ये जाते. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीचं ताजं फ्लुइड किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी शोषलेल्या अवस्थेत प्रमाणानुसार ही किमान मर्यादा १५५ अंश धरतात. फ्लुइड उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे, आणि बुडबुडा दाबला की दाबला जातो, चाकापर्यंत जोर पोचतच नाही. पेडल फरशीला टेकतं. हे हिंजवडीच्या सिग्नलला होत नाही. ताम्हिणी उतरताना, चार माणसं आणि डिकीत सामान असताना, सलग पंधराव्या वळणाला होतं. त्या वेळी तुमचे ते जादा चाळीस घोडे काय करणार?

दर दोन वर्षांनी फ्लुइड बदला. हजार-बाराशेचं काम आहे. टायरच्या बाजूला डॉट लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असो, रबर जुनं झालं की पावसाळ्यात ते धरत नाही. माझा क्रम ठरलेला आहे: ब्रेक, टायर, सस्पेन्शन, कूलिंग, मग इंजिनाची तब्येत, आणि सगळ्यात शेवटी, पैसे आणि हौस दोन्ही उरली असेल तर, इंजिनाची ताकद. मी शेवटच्या पायरीपर्यंत पोचलेलो नाही. गाडी आहे तेवढी मला पुरते. एक्सप्रेसवेवर कारला ताशी १०० ची मर्यादा आहे आणि वर कॅमेरे बसलेत. खरी मजा वेगात नसून घाटात तिसऱ्या गिअरमधून वळण संपताना टर्बो भरतो त्या दोन सेकंदांत आहे. त्याला १५० पुष्कळ झाले.

आणि हेही प्रामाणिकपणे समजून घ्या, की ही गाडी वीस वर्षांपूर्वीच्या सुरक्षेची आहे. कितीही जपली तरी ती आजच्या चांगल्या गाडीइतकी अपघातात सांभाळणार नाही. त्यामुळे हिच्या बाबतीत जी सुरक्षा आपल्या हातात आहे तीत काटकसर करणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

लॉग बघा, अंदाज नको

इंजिनिअर असण्याचा या गाडीला खरा उपयोग कुठे होतो? पाना फिरवण्यात नाही. तिथे मी आजही आमच्या मिस्त्रींचा शिकाऊ पोऱ्याच आहे. उपयोग होतो तो नोंदी ठेवण्यात.

या पिढीच्या गाड्यांच्या डायग्नोस्टिक सॉकेटला केबल लावली की लॅपटॉपवर सगळं जिवंत दिसतं. आत किती हवा येतेय, कुठल्या सिलिंडरचं फायरिंग चुकतंय, आणि माझा सगळ्यात लाडका आकडा, फ्युएल ट्रिम. म्हणजे असं: आत आलेल्या हवेच्या मानाने किती पेट्रोल सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो, मग एक्झॉस्टमधल्या सेन्सरकडून निकाल बघतो आणि आपलं गणित दुरुस्त करतो. ती दुरुस्ती टक्क्यांत दिसते. शून्याच्या आसपास असेल तर ठीक. सतत अधिककडे झुकत असेल तर मोजली न गेलेली हवा कुठून तरी आत शिरतेय, किंवा पेट्रोल कमी पोचतंय.

मागच्या वर्षी तीन महिन्यांत माझा हा आकडा अधिक २ वरून अधिक ९ वर गेला. गाडी चालवताना फक्त एवढं जाणवायचं की ती जरा ‘सुस्त’ झालीय. एका चकचकीत वर्कशॉपात दाखवली तर त्यांनी अर्ध्या तासात टर्बो बदलायचं ९० हजारांचं कोटेशन हातात ठेवलं. आमच्या मिस्त्रींना मी लॅपटॉपवरचा आलेख दाखवला. त्यांना आलेख कळला असं नाही, पण "हवा कुठून तरी चोरतेय का?" एवढं विचारून त्यांनी इनटेकखालचे सगळे बारीक पाइप चाचपले. एक पाइप मागच्या बाजूने बोटभर चिरलेला निघाला. वीस वर्षांचं रबर, त्याचा तरी काय दोष. पाइप ३५० रुपये, मजुरी ४००. ट्रिम परत अधिक १.

हा किस्सा ‘वर्कशॉपवाले लुटतात’ हे सांगायला सांगत नाहीये. प्रत्येक वर्कशॉपचं अर्थशास्त्र वेगळं असतं. तासभर पाइप चाचपण्यापेक्षा अख्खा भाग बदलणं त्यांना परवडतं, आणि नव्या गाडीच्या बाबतीत ते चुकीचंही नाही. मुद्दा असा, की जुन्या गाडीला निदान करणारा माणूस लागतो. तो माणूस आधी शोधा, गाडी नंतर. आमचे मिस्त्री म्हणतात, "इंजिन मरत नाही दादा, मालक मारतो." त्यांच्याकडे आयटीवाले शिकायला येत नाहीत आणि त्यांचा मुलगाही या धंद्यात नाही. ही गाडी अजून किती वर्षं चालेल याचं खरं उत्तर मला इंजिनात दिसत नाही. ते मिस्त्रींच्या गुडघ्यांत आहे.

पार्टचं म्हणाल तर माझी गाडी नशीबवान आहे. पहिल्या पिढीची ऑक्टेव्हिया औरंगाबादजवळ (आताचं छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याला जुळत होती, आणि तिचं डिझेल मॉडेल इथे भरपूर खपलं. बुश, लिंक, बेअरिंग असले बरेच भाग दोघींत चालतात. म्हणून नाना पेठेत अजूनही चार दुकानं फिरलं की काम होतं. इंजिनाची भावंडं तर जगभर आहेत: ऑडी टीटी, चौथ्या पिढीची गोल्फ जीटीआय, वगैरे. नाना पेठेत नाही मिळालं तर मुंबईला कुर्ल्याचा सीएसटी रोड, तिथेही नाही तर परदेशातून मागवायचं आणि कस्टमची वाट बघायची. गाडी घेण्याआधी हा प्रश्न जरूर विचारा: हिची साधी, खपलेली बहीण आहे का? नसेल तर शोकेसमध्ये ठेवण्यापलीकडे त्या गाडीचं भविष्य नाही.

एक्सेल शीट

आता ज्याची वाट बघत होतात ते. साडेचार वर्षं, ५३ हजार किलोमीटर. दुरुस्ती आणि पार्ट मिळून ४ लाख १० हजार (पहिल्या वर्षाचे १ लाख ३५ हजार धरून). म्हणजे महिन्याला साधारण ७,६००, किलोमीटरमागे पावणेआठ रुपये. पेट्रोल आणि विमा वेगळा.

माझ्या टीममधला एक जण लगेच म्हणाला, "एवढ्यात नवीन गाडीचा हप्ता गेला असता." नाही गेला असता. बारा लाखांचं कर्ज, ९ टक्के, पाच वर्षं: हप्ता पंचवीस हजारांच्या आसपास बसतो. शिवाय नव्या गाडीची किंमत पहिल्या पाच वर्षांत जी घसरते ती वेगळी. माझ्या गाडीची घसरायची तेवढी आधीच घसरलीय.

पण म्हणून ही गाडी ‘स्वस्त पडते’ असा निष्कर्ष काढू नका. तो लबाडपणा होईल. सात-आठ वर्षं जुनी स्विफ्ट घेतली असती तर यापेक्षा कितीतरी कमी खर्चात तेवढेच किलोमीटर झाले असते, आणि सुखाने झाले असते. शिवाय हप्त्यात आणि माझ्या खर्चात एक मोठा फरक आहे. हप्ता दर महिन्याला सारखा. माझा खर्च चार महिने शून्य आणि पाचव्या महिन्यात ४२ हजार. सरासरी सारखी असली तरी चढउतार प्रचंड. ज्याच्या खात्यात महिनाअखेरीला चार हजार उरतात त्याला सरासरीचा काय उपयोग? आणि साडेचार वर्षांत ४१ दिवस गाडी गॅरेजात होती. त्या ४१ दिवसांत मी आईच्या ॲक्टिव्हावर ऑफिसला गेलो. ज्याच्या घरी ॲक्टिव्हा नाही, किंवा ज्याला रात्री-अपरात्री आजारी माणसाला घेऊन निघावं लागू शकतं, त्याने ही एकुलती एक गाडी म्हणून ठेवू नये. हौस आपली, गैरसोय घरच्यांची, हे बरोबर नाही.

सरकारचं म्हणणं

इकडे सरकारही विचारतंय, की बाबा रे, अजून किती वर्षं? १५ वर्षांवरच्या कारच्या नोंदणीचं नूतनीकरण एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये नियम बदलून २० वर्षांवरच्या कारसाठी ते १०,००० केलं. पासिंगची रांग आणि पर्यावरण कर वेगळा. मला यात अन्याय दिसत नाही. जुनी गाडी जास्त धूर सोडते हे खरंच आहे, आणि त्याची किंमत हौस करणाऱ्याने द्यावी. माझं म्हणणं एवढंच, की तपासणी वयाची नको, गाडीची व्हावी. काळा धूर ओकणारी नऊ वर्षांची गाडी बिनधास्त फिरते आणि ट्रिम अधिक १ वर असलेली वीस वर्षांची गाडी गुन्हेगार, हे पटत नाही. यंत्राला लावून निकाल द्या. माझी नापास झाली तर मी स्वतः भंगारात नेऊन देईन.

इथेनॉलचंही तसंच. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता सगळीकडे आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच, इथेनॉलविना पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्के घटेल असं म्हटलं होतं. आरडाओरडा करून टाकीत दुसरं काही येणार नाही. मी इंधनाचे रबरी पाइप आणि ओ-रिंग नवे बसवून घेतले आणि गाडी टाकी भरून महिनोन् महिने उभी ठेवायची नाही हे ठरवलं. इथेनॉल पाणी शोषतं, आणि उभ्या टाकीत त्याला वेळच वेळ असतो. म्हणजे परत तेच: चालवा.

मग करायचं काय?

मला अनेकदा विचारतात, घेऊ का? मी उलटे तीन प्रश्न विचारतो. गाडीच्या किमतीएवढे पैसे बाजूला आहेत का? मिस्त्री आहे का? आणि दुसरं वाहन आहे का? तिन्हींना ‘हो’ असेल तर जरूर घ्या. या वयात, घराचा हप्ता सुरू व्हायच्या आधी, एखादी गोष्ट अशी हवी जिचा फायदा एक्सेलमध्ये मावत नाही. एकालाही ‘नाही’ असेल तर थांबा. गाड्या कुठे पळून जात नाहीत. (म्हणजे, पळतात, पण तुम्ही समजून घ्या.)

आपण लोक दर दोन वर्षांनी फोन बदलतो, तीन वर्षांनी नोकरी. जे काम आपण लिहितो ते पाच वर्षांत कोणीतरी पुसून नव्याने लिहितं. अशा माणसाने एक यंत्र दहा वर्षं चालू ठेवून दाखवणं, त्याचा प्रत्येक आवाज ओळखू येणं, यात मला काहीतरी चांगलं वाटतं. त्याला मोठं नाव द्यायची गरज नाही. वस्तू जपणं हे आपल्या आजी-आजोबांनी कुठलाही लेख न लिहिता केलं.

यंदा माझी गाडी वीस वर्षांची होतेय. नूतनीकरणाचे दहा हजार बाजूला काढून ठेवलेत. त्याआधी क्लच बघायचाय, मागच्या चाकाचं बेअरिंग कुजबुजायला लागलंय, आणि ब्रेक फ्लुइडला जूनमध्ये दोन वर्षं होतील. यादी भिंतीवर लावलीय, क्रमाने. पहिलं नाव ब्रेकचं.